मुटू, रडुचोयू की मोल्डोव्हान : तरुण स्ट्रायकरनं कुणाची वाट धरावी?

१९९० च्या आधी रुमेनियातल्या फुटबॉल स्ट्रायकरपुढे, म्हणजे गोल करणं हेच मुख्य काम असलेल्या खेळाडूपुढे, निवडीचा प्रश्न फारसा नव्हताच. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत खेळाडूला ऐन भरात देशाबाहेर जाता येत नसे. दुदू जॉर्जेस्कूनं १९७६-७७ च्या हंगामात डिनामो बुखारेस्टकडून लीगमध्ये ४७ गोल केले, युरोपातल्या सर्वाधिक गोलांचा सोनेरी बूट दोनदा मिळवला, आणि तरीही त्या वर्षांत तो खेळला मायदेशातच. डिसेंबर १९८९ च्या क्रांतीनंतर दारं उघडली. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक गुणी स्ट्रायकरला एक प्रश्न सोडवावा लागला : कुठल्या वयात, कुठल्या क्लबात जायचं?

आपल्याकडेही हा प्रश्न आता खरा झाला आहे. अकादमीतून बाहेर पडलेल्या मुलासमोर कधी मोठ्या नावाच्या क्लबाचा राखीव संघ असतो, कधी लहान क्लबात रोज खेळण्याची संधी. घरच्यांना साहजिकच मोठं नाव हवं असतं. असा निर्णय घ्यायचा असेल तर एकाच देशातल्या, एकाच काळातल्या तीन स्ट्रायकरांची कारकीर्द शेजारी-शेजारी ठेवून पाहावी असं मी सुचवेन : आड्रियान मुटू, फ्लोरिन रडुचोयू आणि व्हिओरेल मोल्डोव्हान. तिघेही डिनामो बुखारेस्टमधून परदेशी गेले. तिघांनीही इंग्लंडची प्रीमियर लीग पाहिली, आणि तिघांपैकी एकाचंही तिथे बस्तान बसलं नाही. बाकी वाटा मात्र पार वेगळ्या.

यातला मुटू पुणेकरांना परका नाही. २०१५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये तो एफसी पुणे सिटीचा मार्की (म्हणजे संघाचा मुख्य आकर्षण असलेला) खेळाडू होता, डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक होते आणि घरचं मैदान बालेवाडीचं. पण तेव्हा त्याचं वय ३६ होतं. बालेवाडीत दिसलेल्या मुटूवरून त्याचा अंदाज बांधू नका. त्याचा खरा खेळ पाहायचा तर फ्लोरेन्समधली वर्षं पाहायला हवीत.

पहिली उडी

रडुचोयू १९७० चा, बुखारेस्टचाच. डिनामोत मिर्चा लुचेस्कूच्या हाताखाली पोरवयातच पहिल्या संघात आला. १९९० मध्ये, विसाव्या वर्षी, तो इटलीत बारीला गेला. त्या काळात सेरी आ ही इटलीची अव्वल लीग जगातली सर्वांत अवघड लीग मानली जाई, आणि बचाव तर तिथलाच सर्वांत कडक. बारीत एक हंगाम, व्हेरोनात एक हंगाम, गोल मोजकेच. वेग होता, बचावफळीच्या पाठीमागे धाव घेण्याची नेमकी जाण होती, पण समोर आलेली संधी वाया घालवतो असा त्याच्यावर शिक्का बसला.

मुटूची उडी त्याहून उंच. १९७९ चा जन्म, आर्जेश जिल्ह्यातला. पितेश्तीच्या क्लबातून डिनामोत आला, आणि जानेवारी २००० मध्ये एकविसाव्या वर्षी थेट इंटर मिलानमध्ये. आता तिथे आक्रमणात कोण होतं ते पाहा : रोनाल्डो, व्हिएरी, बाज्जिओ, सामोरानो, रेकोबा. दुखापतींमुळे मधूनमधून जागा रिकामी व्हायची, पण तिथवर पोचायला रांग मोठी होती. मुटूला थोडे सामने मिळाले आणि लीगमध्ये एकही गोल झाला नाही. त्याच उन्हाळ्यात तो व्हेरोनाला गेला. उडी फसली, पण तिथून खाली उतरणं त्याच्या फायद्याचं ठरलं.

मोल्डोव्हान या दोघांपेक्षा उशिरा निघाला. १९७२ चा जन्म, ट्रान्सिल्व्हेनियातल्या बिस्त्रित्साचा. तिथल्या ग्लोरिया क्लबात घडला, मग डिनामोत आला. तो परदेशी गेला तेव्हा वय २३ होतं आणि क्लब होता स्वित्झर्लंडमधला नशातेल झामाक्स. हे नाव ऐकून घरात कुणी पेढे वाटले नसते. पण स्विस लीगमध्ये तो दर आठवड्याला खेळला. १९९५-९६ मध्ये तिथला सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग झुरिकच्या ग्रासहॉपरकडे गेला आणि १९९६-९७ मध्ये २७ गोल करून पुन्हा अव्वल राहिला. सलग दोन हंगाम, दोन वेगळे क्लब, दोन्हीकडे पहिला नंबर.

तिघांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती हीच दोन वर्षं. स्ट्रायकरला गोल करायची सवय लागावी लागते, आणि ती सवय बाकावर बसून लागत नाही. बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, चेंडू पायाशी आला की विचार न करता फटका निघाला पाहिजे. हे सरावात जमलं तरी सामन्यात जमेलच असं नाही. त्यासाठी सामने हवेत, आणि आज दोन चुकले तरी पुढच्या रविवारी पुन्हा आपणच खेळणार याची खात्री हवी. मोल्डोव्हानला ती स्वित्झर्लंडमध्ये मिळाली. इंटरच्या मुटूला ती अजिबात मिळाली नाही.

मिलानचं एक वर्ष

रडुचोयूच्या कारकिर्दीतलं १९९३-९४ हे वर्ष प्रत्येक तरुण खेळाडूनं आणि त्याच्या पालकांनी नीट वाचावं. आदल्या हंगामात तो ब्रेशियात होता. प्रशिक्षक पुन्हा लुचेस्कू, आणि संघात हाजी, मातेउत्स, साबाऊ हे देशबांधव. तिथे त्याची गाडी रुळावर आली, गोल होऊ लागले. ब्रेशिया खालच्या श्रेणीत घसरला, पण रडुचोयूला एसी मिलाननं उचललं. त्या वेळचा युरोपातला सर्वांत बलाढ्य क्लब.

अडचण साधी होती. सामन्यात एका वेळी तीनच परदेशी खेळाडूंना परवानगी, आणि मिलानकडे सावीचेविच, बोबान, पापँ, ब्रायन लाउड्रुप, दुखापतग्रस्त व्हान बास्टेन, आणि हंगाम सुरू झाल्यावर आलेला फ्रान्सचा मार्सेल देसायी. यांतून तीन निवडायचे. रडुचोयूच्या वाट्याला लीगचे ७ सामने आले. मिलाननं लीग जिंकली. मे १९९४ मध्ये अथेन्सला बार्सिलोनाला ४-० असं हरवून चॅम्पियन्स लीगही जिंकली; त्या रात्री रडुचोयू मैदानावर नव्हता.

महिन्याभरानं अमेरिकेत वर्ल्ड कप सुरू झाला. कोलंबियाविरुद्ध त्यानं दोन गोल केले. उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध रुमेनिया एका गोलनं मागे होती; ८८ व्या मिनिटाला त्यानं बरोबरी साधली आणि जादा वेळेत १०१ व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली. स्वीडननं ती फेडली, आणि रुमेनिया पेनल्टी शूटआउटमध्ये हरली. शूटआउटमधली त्याची पेनल्टीही आत गेली होती. म्हणजे स्पर्धेत चार गोल, तेही अर्जेंटिनाविरुद्धच्या त्या गाजलेल्या ३-२ सामन्यात निलंबनामुळे बाहेर बसावं लागलेलं असताना.

मिलानच्या बाकावर बसलेला आणि अमेरिकेत चार गोल मारणारा खेळाडू एकच. गुण तेच, पाय तेच. फरक इतकाच की रुमेनियाच्या संघात त्याची जागा ठरलेली होती आणि हाजी, दुमित्रेस्कू त्याच्या धावेवर नजर ठेवूनच चेंडू सोडत होते. क्लबाचं नाव खेळाडूला चांगला करत नाही. कोणत्या जागी आणि किती वेळ खेळवलं जातं, त्यावर सगळं अवलंबून असतं. रडुचोयूचं हे वर्ष त्याचा इतका स्वच्छ पुरावा आहे की मला दुसरं उदाहरण शोधावंसं वाटत नाही.

पुढे तो स्पेनच्या एस्पान्योलला गेला, तिथून १९९६ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅमला. तिथे काही महिन्यांतच बिनसलं आणि तो एस्पान्योलला परतला. मग स्टुटगार्ट, पुन्हा ब्रेशिया, पुढे फ्रान्समध्ये मोनाको. इटली, स्पेन, इंग्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या युरोपातल्या पाचही मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. हा मान मोठाच. पण स्ट्रायकर म्हणून पाहिलं तर त्यात एक दुखरी बाजू आहे : सतत सामान बांधणारा खेळाडू कुठल्याच संघाच्या खेळाचा कणा होत नाही.

ज्याच्यावर कोचचा भरवसा होता तो

मुटूकडे या तिघांतली सर्वांत मोठी उपजत देणगी होती, यात मला शंका नाही. डावीकडून आत येऊन दोन्ही पायांनी फटका, फ्री किक, अरुंद जागेत चेंडू राखणं, शेवटचा पास. तो निव्वळ बॉक्समधला खेळाडू नव्हता. एका बिनीच्या स्ट्रायकरच्या मागे मोकळा सोडला की तो सामना फिरवायचा.

हे ओळखलं चेझारे प्रांदेल्लीनं. व्हेरोनात २००१-०२ च्या हंगामात मुटूनं १२ गोल केले, तरी संघ घसरला. मग तो पार्मात आला. तिथे प्रांदेल्ली प्रशिक्षक आणि जोडीला ब्राझीलचा आद्रियानो. २००२-०३ मध्ये मुटूचे लीगमध्ये १८ गोल. हा हंगाम पाहून ऑगस्ट २००३ मध्ये चेल्सीनं त्याच्यासाठी १ कोटी ५८ लाख पौंड मोजले. रशियन अब्जाधीश अब्रामोविचनं क्लब नुकताच घेतला होता आणि खरेदीचा धडाका चालू होता. सुरुवात झकास झाली, पहिल्या तीन लीग सामन्यांत चार गोल. नंतर ओघ आटला. अख्ख्या लीग हंगामात मिळून सहाच. २००४ मध्ये मोरिन्यो प्रशिक्षक म्हणून आला, आणि सप्टेंबरमधल्या चाचणीत मुटूच्या शरीरात कोकेन सापडलं. चेल्सीनं ऑक्टोबरमध्ये करार तोडला, इंग्लिश फुटबॉल असोसिएशननं सात महिन्यांची बंदी घातली.

बंदी संपल्यावर तो युव्हेंटसकडून खेळला, आणि २००६ मध्ये फ्लोरेन्सच्या फिओरेन्टिना क्लबात गेला. तिथे कोण प्रशिक्षक? पुन्हा प्रांदेल्ली. २००६-०७ मध्ये १६ गोल, २००७-०८ मध्ये १७. त्या दुसऱ्या हंगामात फिओरेन्टिना चौथी आली आणि युएफा कपच्या उपांत्य फेरीत रेंजर्सकडून पेनल्टीवर हरली. त्या दोन वर्षांतला मुटू इटलीतल्या कुठल्याही फॉरवर्डच्या पंक्तीत बसण्याजोगा होता.

रडुचोयूचा लुचेस्कू आणि मुटूचा प्रांदेल्ली हे शेजारी ठेवले की निवडीचा दुसरा निकष हाती येतो. क्लब निवडताना कोच कोण, तो किती दिवस राहणार, आणि आपल्या जातीच्या स्ट्रायकरला त्यानं याआधी कसं वापरलं, हे विचारायलाच हवं. 

करार, बंदी आणि १ कोटी ७१ लाख युरो

मुटूच्या बाबतीत हा भाग टाळून चालणार नाही, कारण यात केवळ चारित्र्याचा प्रश्न नाही. तरुण खेळाडू सही करतो तेव्हा कागदावर काय असतं, हे यातून कळतं.

चेल्सीनं मुटूशी पाच वर्षांचा करार केला होता. क्लब ट्रान्सफरची रक्कम करारातल्या वर्षांवर विभागून हिशेबात धरतो. मुटूनं एक वर्ष आणि थोडे महिने दिले. उरलेल्या वर्षांची रक्कम बुडाली, आणि ती खेळाडूच्या गैरवर्तनामुळे बुडाली, असा चेल्सीचा दावा. करार तोडला क्लबानं, तरी भरपाई खेळाडूकडून. २००८ मध्ये फिफाच्या समितीनं त्याला सुमारे १ कोटी ७१ लाख युरो भरायला सांगितलं. २००९ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयानं तो निर्णय कायम केला, पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयातही मुटू हरला. २०१८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही त्याची तक्रार फेटाळली. विसाव्या-पंचविसाव्या वर्षातली एक चूक चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत कोर्टात फिरत राहिली.

आणि २०१० मध्ये फिओरेन्टिनात असताना सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या द्रव्यामुळे तो पुन्हा चाचणीत सापडला. पुन्हा बंदी. औषधाची साधी गोळीही संघाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हा नियम अकादमीतल्या मुलांना तोंडपाठ हवा. आपल्याकडे घरगुती उपाय, ताकदीची पावडर, जिममधल्या कुणी दिलेली गोळी हे सगळं सहज घेतलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो.

रडुचोयू आणि मोल्डोव्हानच्या खात्यात असलं काही नाही.

देशासाठी

आकडे आधी. मुटू ७७ सामने, ३५ गोल. मोल्डोव्हान ७० सामने, २५ गोल. रडुचोयू ४० सामने, २१ गोल. सामन्यामागे गोल पाहिले तर रडुचोयू सर्वांत पुढे, दोन सामन्यांत एकाहून थोडा जास्त. एकूण गोलांत मुटू. ३५ वा गोल मार्च २०१३ मध्ये हंगेरीविरुद्ध पेनल्टीवर करून त्यानं हाजीच्या राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली, आणि हाजीला तेवढ्या गोलांसाठी सव्वाशेच्या आसपास सामने लागले होते.

पण मुटूच्या नशिबी वर्ल्ड कप आला नाही. १९९८ नंतर त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत रुमेनिया तिथवर पोचलीच नाही. त्याचा मोठा दिवस युरोपीय देशांच्या स्पर्धेतला, युरो २००८ मधला, झुरिकला इटलीविरुद्ध. ५५ व्या मिनिटाला त्यानं गोल केला, मिनिटभरात पानुच्चीनं फेडला, आणि ८१ व्या मिनिटाला मुटूची पेनल्टी इटलीचा गोलरक्षक बुफोननं अडवली. ती आत गेली असती तर रुमेनियानं तत्कालीन विश्वविजेत्यांना हरवलं असतं. सामना १-१ सुटला. मुटू आवडणाऱ्या माणसाला तो क्षण आजही पाहवत नाही.

मोल्डोव्हानचा दिवस जून १९९८ मधल्या वर्ल्ड कपमधला, फ्रान्समधल्या तुलूझचा. इंग्लंडविरुद्ध उत्तरार्ध सुरू होताच हाजीच्या पासवर त्यानं गोल केला. इंग्लंडच्या ओवेननं बरोबरी साधल्यावर अगदी शेवटी पेत्रेस्कूनं २-१ केलं. तेव्हा मोल्डोव्हान इंग्लंडमधल्याच कोव्हेंट्रीचा खेळाडू होता. जानेवारीत क्लबानं त्याला सव्वातीन मिलियन पौंडांना घेतलं होतं, आणि डब्लिन व हकरबी या जोडीमागे त्याला जागा मिळेना. लीगमध्ये जेमतेम एक गोल, आणि एफए कपात व्हिला पार्कवर ॲस्टन व्हिलाला हरवणारा एक. तुलूझनंतरच्या ट्युनिशियाविरुद्धच्या सामन्यात रुमेनियाचा अख्खा संघ केस सोनेरी रंगवून उतरला होता. त्यात बरोबरीचा गोलही मोल्डोव्हानचाच.

कोव्हेंट्रीत जमत नाही हे दिसताच तो सहा महिन्यांत तुर्कस्तानच्या फेनरबाहचेला गेला, आणि २००० मध्ये फ्रान्सच्या नाँतला. पहिल्याच हंगामात, २००१ मध्ये, नाँत लीग विजेता. तिथे तो २००४ पर्यंत टिकला. रडुचोयूला मिलानमध्ये जे पदक मिळालं त्यात त्याचे ७ सामने होते. मोल्डोव्हाननं नाँतचं विजेतेपद संघाचा नेहमीचा स्ट्रायकर म्हणून मिळवलं. दोन्ही पदकं कपाटात सारखीच दिसतात, पण मला तरी ती सारखी वाटत नाहीत.

मग कुणाची वाट?

मुलगा बॉक्समधला स्ट्रायकर असेल, पहिल्या स्पर्शात फटका मारणारा, पण ड्रिबल करून दोघांना काढणं हा त्याचा पिंड नसेल, तर मोल्डोव्हान. बहुतेक स्ट्रायकर याच जातीचे असतात, म्हणून बहुतेकांना माझा सल्ला हाच राहील. एक-दोन पायऱ्या खालची लीग, रोज खेळ, गोलांचा ढीग, मग वर. आणि वर जाऊन जागा मिळाली नाही तर मानापमान न धरता लगेच दुसरीकडे.

मुलामध्ये मुटूसारखं काही खरोखरच असेल, म्हणजे कोचच तसं म्हणत असेल, नुसते घरचे नव्हे, तर त्याला मोकळं खेळवणारा प्रशिक्षक शोधा आणि त्याच्या मागे जा, क्लब लहान असला तरी. मुटूची पार्मा आणि फिओरेन्टिनातली वर्षं इंटर-चेल्सीपेक्षा कितीतरी समृद्ध आहेत. त्याच्या खेळाचा व्हिडिओ जरूर दाखवा, विशेषतः २००७-०८ चा हंगाम.

वेगावर जगणाऱ्या स्ट्रायकरनं रडुचोयूच्या धावा अभ्यासाव्यात. कोलंबियाविरुद्धचा सामना त्यासाठी पुरेसा आहे : चेंडू पायाशी नसताना तो कुठे उभा राहतो आणि पास निघण्याच्या किती आधी धाव सुरू करतो, एवढंच पाहायचं. क्लब निवडीत मात्र त्याच्या मागे जाऊ नये.

आणि मोठ्या क्लबाचा प्रस्ताव समोर आलाच, तर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या : त्या जागेवर सध्या किती खेळाडू आहेत, परदेशी किंवा वयोगटाच्या नियमामुळे त्यातले किती एका वेळी खेळू शकतात, आणि मुदतीआधी करार मोडला तर भरपाई कुणी कुणाला द्यायची. शेवटचा मुद्दा वकिलाकडून वाचून घ्या.